अमेरिकेत मानसिक आरोग्याची मदत घेताना: तज्ज्ञ कसा शोधावा आणि त्याच्याशी कसे बोलावे

सत्तरीच्या एक आजी नातवंडाला सांभाळण्यासाठी सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आल्या होत्या. झोप लागत नाही आणि छातीत धडधडते, अशी तक्रार घेऊन मुलगा त्यांना दवाखान्यात घेऊन आला. तिथे समाजकार्यकर्ती म्हणून नेमणुकीवर असल्यामुळे मीही त्या खोलीत होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) डॉक्टरांनी इंग्रजीत विचारले, मुलाने ते मराठीत सांगितले, आणि आजी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत म्हणाल्या, "आता जगण्यात काही राम उरला नाही बघ." मुलगा क्षणभर थांबला आणि डॉक्टरांकडे वळून त्याने इंग्रजीत सांगितले की आईला इथे फार कंटाळा येतो. डॉक्टरांनी रोज चालायला जाण्याचा आणि ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रात नाव घालण्याचा सल्ला दिला. मुलगा खोटे बोलला असे मी म्हणणार नाही, कारण स्वतःच्या आईचे असे वाक्य तिच्यादेखत परक्या भाषेत उच्चारणे कोणत्याही मुलाला जड जाते. नंतर मी आजींशी एकट्याने बोलले आणि मरणाचे विचार येतात का, असे सरळ मराठीत विचारले. बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, "येतात. पण सांगू कुणाला? लेकराच्या जिवाला घोर लागेल."

अमेरिकेतील भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी कुटुंबांत मदतीची गाडी बहुतेक वेळा अशाच ठिकाणी अडलेली मी पाहिली आहे. तज्ज्ञाची वेळ मिळते, पैशांचीही सोय होते, परंतु आपले वाक्य आपल्या अर्थाने त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून तज्ज्ञ शोधण्यापासून उपचार संपेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट तपासत राहावी, असे मी सर्वांना सांगते: मी जे म्हणतो आहे, ते या माणसाला माझ्या अर्थाने कळते आहे का?

कोणाकडे जायचे

अमेरिकेत 'थेरपिस्ट' या एका शब्दाखाली अनेक पेशे येतात. मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. तो निदान करतो आणि औषधे लिहून देतो, परंतु बहुतेक वेळा त्याच्याबरोबरची भेट लहान असते आणि ती औषधांपुरती मर्यादित राहते. मानसोपचारात विशेष शिक्षण घेतलेल्या नर्स प्रॅक्टिशनरही औषधे देऊ शकतात आणि त्यांची वेळ अनेकदा लवकर मिळते. मानसशास्त्रज्ञाकडे डॉक्टरेट असते. तो चाचण्या आणि संवादावर आधारलेले उपचार करतो, औषधे मात्र काही मोजक्या राज्यांतच देऊ शकतो. त्यांच्याशिवाय परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर, विवाह आणि कुटुंब समुपदेशक आणि व्यावसायिक समुपदेशक असतात. दर आठवड्याला पाऊण ते एक तास बोलून उपचार करण्याचे बरेचसे काम हीच मंडळी करतात. 'लाइफ कोच' किंवा 'वेलनेस कोच' या नावांसाठी परवान्याची अट नाही, हे लक्षात ठेवावे. त्यांच्यापैकी काहीजण भले असतीलही, परंतु नैराश्य, तीव्र चिंता किंवा आघात यांसाठी त्यांच्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

परवाना राज्यनिहाय असतो आणि सत्राच्या वेळी तुम्ही ज्या राज्यात बसलेले असता, तिथला परवाना तज्ज्ञाकडे असावा लागतो. न्यू जर्सीतील समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलणारी मुलगी शिक्षणासाठी टेक्सासला गेली, तर तेच उपचार पुढे चालतील असे गृहीत धरता येत नाही. मानसशास्त्रज्ञांसाठी 'सायपॅक्ट' नावाचा आंतरराज्य करार आहे आणि त्यात चाळीसहून अधिक राज्ये सामील आहेत, त्यामुळे त्यांच्याबाबतीत ही अडचण पुष्कळदा सुटते. परवाना खरा आहे का आणि त्यावर काही शिस्तभंगाची नोंद आहे का, हे त्या राज्याच्या परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकून कोणालाही विनामूल्य पाहता येते. हे काम पाच मिनिटांचे आहे, ते टाळू नये.

पुण्यात किंवा नागपुरात बसलेल्या समुपदेशकाशी मराठीत बोलणे स्वस्त पडते आणि मनाला बरेही वाटते. मात्र अमेरिकेतील राज्याचा परवाना नसलेली व्यक्ती इथे राहणाऱ्या रुग्णावर कायदेशीर रीतीने उपचार करू शकत नाही. इथे तातडीचा प्रसंग ओढवला, तर तिला इथल्या यंत्रणेला कळवणेही कठीण जाते. भारतात राहणाऱ्या आईवडिलांची काळजी असेल, तर त्यांच्यासाठी तिथली सरकारी 'टेली-मानस' सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, तिचा क्रमांक १४४१६ आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

शोध कसा घ्यावा

बहुतेकांची सुरुवात ओळखीतून होते आणि तिथेच संकोच आडवा येतो. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेत अनेक शहरांत मराठी मंडळे आहेत, आणि गणेशोत्सवाच्या एका कार्यक्रमात गावातले निम्मे मराठी लोक भेटतात. अशा वेळी "कोणी चांगला समुपदेशक माहीत आहे का?" असे विचारणे म्हणजे घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडणे, असे लोकांना वाटते. ज्यांना असे वाटते त्यांनी ओळखीच्या वाटेने जाण्याची गरज नाही. विमा कंपनीच्या संकेतस्थळावरील यादीत भाषेनुसार शोधता येते, थेरपिस्टांच्या सार्वजनिक सूचींमध्ये 'हिंदी', 'गुजराती', 'मराठी' अशी गाळणी लावता येते, आणि दक्षिण आशियाई थेरपिस्टांसाठी वेगळ्या सूचीही उपलब्ध आहेत. न्यू जर्सीत 'समहिन' ही संस्था दक्षिण आशियाई समाजाच्या मानसिक आरोग्यासाठीच काम करते.

मराठी बोलणारा तज्ज्ञ मिळाला तर उत्तम, परंतु तोच मिळाला पाहिजे असा हट्ट धरू नये. त्याचे फायदे उघड आहेत: 'सासरची माणसे', 'मान-पान', 'लोक काय म्हणतील', 'मुलगा हाताबाहेर गेला' यांचा अर्थ त्याला समजावून सांगावा लागत नाही. पण याच जवळिकीची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. जातीबाहेर लग्न केलेल्या, घटस्फोट घेऊ पाहणाऱ्या किंवा समलिंगी असलेल्या तरुणांना कधीकधी आपल्याच समाजातील तज्ज्ञासमोर तोंड उघडवत नाही, कारण समोर काकूच बसल्या आहेत असे त्यांना वाटत राहते. अशांना बंगाली, तमिळ किंवा पूर्णपणे वेगळ्या समाजातील तज्ज्ञ अधिक मोकळा वाटतो, आणि त्यात काही गैर नाही.

निवड करण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटांचे फोनवरील बोलणे बहुतेक तज्ज्ञ विनामूल्य करतात. त्या वेळी फक्त फी आणि वेळ विचारून फोन ठेवू नये. माझ्यासारख्या स्थलांतरित कुटुंबांबरोबर तुम्ही काय काम केले आहे, मी सासू-सासऱ्यांबरोबर एकाच घरात राहते यावर तुमचे काय म्हणणे आहे, आपण एखाद्या मंडळाच्या कार्यक्रमात समोरासमोर आलो तर तुम्ही काय कराल, असे प्रश्न विचारावेत. शेवटच्या प्रश्नाचे योग्य उत्तर असे की तुम्ही आधी ओळख दाखवल्याशिवाय तो तुम्हाला ओळख दाखवणार नाही. आणि एकत्र राहण्याबद्दल विचारल्यावर समोरचा ताबडतोब "तुम्ही वेगळे का होत नाही?" असे म्हणाला, तर तुमच्या घरची घडी समजून घेण्याआधीच त्याने निकाल दिला असे समजावे. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ सालच्या निदान-पुस्तिकेत रुग्णाची संस्कृती समजून घेण्यासाठी १६ प्रश्नांची एक मुलाखत दिलेली आहे. ती तुम्ही वापरता का, असे विचारले तर तज्ज्ञाची तयारी लगेच कळते.

पैसे आणि विमा

बऱ्याच मोठ्या कंपन्यांत कर्मचारी साहाय्य योजना असते. तिच्यातून ठरावीक संख्येची सत्रे विनामूल्य मिळतात आणि कोण आले होते हे कंपनीला कळवले जात नाही. २००८ च्या संघीय कायद्यानुसार ज्या विमा योजनेत मानसिक उपचार समाविष्ट आहेत, तिला त्यांच्यावर शारीरिक उपचारांपेक्षा जाचक मर्यादा घालता येत नाहीत. तज्ज्ञ विम्याच्या जाळ्याबाहेरचा, म्हणजे विमा कंपनीच्या यादीत नसलेला असेल, तर त्याच्याकडून 'सुपरबिल' नावाची तपशीलवार पावती घेऊन विमा कंपनीकडे परतावा मागता येतो. विमा नसेल किंवा तो वापरायचा नसेल, तर १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नियमानुसार खर्चाचा अंदाज आधीच लेखी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. उत्पन्नानुसार फी कमी करणारे तज्ज्ञ आणि सामुदायिक केंद्रेही असतात. आईवडिलांसाठी घेतलेल्या पर्यटक विम्यात मात्र आधीपासूनचे आजार सहसा वगळलेले असतात आणि मानसिक उपचारांची तरतूद फार थोडी असते, म्हणून ते येण्यापूर्वीच ही कलमे वाचावीत.

गुप्ततेची आणि व्हिसाची भीती

मला सर्वांत जास्त वेळा विचारले जाणारे प्रश्न याच दोन भीतींचे असतात, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तज्ज्ञाने तुमची माहिती तुमच्या संमतीशिवाय पती, पत्नी, आईवडील, मालक किंवा मंडळातील कोणालाही देणे कायद्याला मान्य नाही. मूल १८ वर्षांचे झाल्यावर हाच नियम त्याच्या आईवडिलांनाही लागू होतो, मग फी तेच भरत असले तरी. याला काही अपवाद आहेत आणि ते पहिल्याच भेटीत स्पष्टपणे विचारून घ्यावेत: जीव जाण्याचा तातडीचा धोका, लहान मुलाचा छळ किंवा दुर्लक्ष झाल्याचा संशय, आणि न्यायालयाचा आदेश. मुलांच्या छळाची माहिती कळवणे प्रत्येक राज्यात तज्ज्ञावर बंधनकारक आहे. मुलाला मारण्याविषयी आपल्याकडे जे सहज बोलले जाते, ते इथे वेगळ्या नजरेने ऐकले जाते, याचीही जाणीव ठेवावी. ही गोष्ट लपवण्यासाठी सांगत नाही. मारहाण होत असेल तर मदत लवकर मिळणे मुलाच्याही हिताचे आहे.

एक फट मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आईवडिलांच्या विम्यावर मुले २६ व्या वर्षापर्यंत राहू शकतात आणि उपचार झाल्यावर विमा कंपनीचे खर्चाचे विवरणपत्र मुख्य विमाधारकाच्या नावाने घरी येते. त्यात तज्ज्ञाचे नाव आणि तारीख असू शकते. एका तरुणीने घरी न सांगता उपचार सुरू केले होते, आणि जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवलेल्या अशा पत्रामुळेच ते घरी कळले. हे टाळायचे असेल तर पहिल्या सत्राआधीच विमा कंपनीला फोन करून आपला पत्रव्यवहार वेगळ्या पत्त्यावर किंवा ईमेलवर पाठवण्याची लेखी विनंती करावी. पत्र घरी आल्याने जिवाला धोका होऊ शकतो असे कळवल्यास ही विनंती मान्य करणे कंपनीवर बंधनकारक असते, आणि काही राज्यांत हे संरक्षण त्याहूनही व्यापक आहे.

व्हिसाविषयी लोक फार घाबरतात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डच्या प्रतीक्षेत असलेले लोक "नोंद झाली तर अर्ज नाकारतील" म्हणून वर्षानुवर्षे मदत टाळतात. आणि भारतात जन्मलेल्यांची प्रतीक्षा किती लांबते, हे सर्वांना माहीत आहे, कारण रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांत एका देशाचा वाटा सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांवर मर्यादित आहे. समुपदेशन घेतले किंवा नैराश्याचे निदान झाले, एवढ्यावरून ग्रीन कार्ड सहसा नाकारले जात नाही. ग्रीन कार्डसाठीच्या वैद्यकीय तपासणीत असे पाहिले जाते की मानसिक आजाराशी जोडलेले, स्वतःला किंवा इतरांना इजा करणारे वर्तन आहे का, किंवा पूर्वी असलेले वर्तन पुन्हा घडण्याची शक्यता आहे का. सक्तीने रुग्णालयात दाखल होणे, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक, असे काही घडले असेल तर तपासणीआधी स्थलांतर-वकिलाचा सल्ला घ्यावा. उपचार घेणाऱ्या माणसाची बाजू तिथेही बळकटच असते.

तज्ज्ञाला या व्हिसाचा ताण माहीत असेल असे धरून चालू नये. नोकरी गेली तर सर्वसाधारणपणे ६० दिवसांच्या आत नवी नोकरी शोधावी लागते किंवा देश सोडावा लागतो, एच-४, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर असलेल्या अनेक पत्नींना काम करता येत नाही, आणि इथेच वाढलेले मूल २१ वर्षांचे झाले की पालकांच्या व्हिसावरून बाहेर पडते, हे अमेरिकेत जन्मलेल्या तज्ज्ञाला ठाऊक नसण्याची शक्यता असते. ते सांगितले नाही, तर तुमच्या भीतीला तो 'अतिविचार' म्हणेल.

पहिल्या भेटींत काय बोलावे

आपल्याकडे दुःख शरीरातून बोलते. डोके जड होणे, अंगात त्राण नसणे, पोटात गोळा येणे, जीव घाबराघुबरा होणे, कशातच मन न लागणे, या शब्दांत सांगायला संकोचू नये. फक्त त्यांना काळ आणि प्रसंग जोडावा: कधीपासून, आठवड्यातून किती वेळा, आणि त्यामुळे काय करायचे राहून जाते. दवाखान्यात नैराश्य तपासण्यासाठी नऊ प्रश्नांचे जे पत्रक देतात, ते मागील दोन आठवड्यांविषयी विचारते आणि त्याचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. तिथे खोटे उत्तर लिहू नये. असा विचार आल्याचे सांगितले म्हणून लगेच कोणी रुग्णालयात कोंडत नाही. तो विचार किती गंभीर आहे, त्यामागे काही बेत आहे का, याची आधी चौकशी होते.

शरीराची बाजूही तपासून घ्यावी. थायरॉईडचा बिघाड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे थकवा, उदासी आणि विसराळूपणा येऊ शकतो. शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी असण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे साधी रक्ततपासणी मागून घ्यावी. भारतातून आणलेल्या औषधांची मूळ नावे लिहून न्यावीत, कारण तिथली व्यापारी नावे इथल्या डॉक्टरांना कळत नाहीत. झोपेसाठी घेतलेल्या अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारख्या गोळ्या आणि अश्वगंधासारखी चूर्णेही सांगावीत. नैराश्याच्या नेहमीच्या औषधांचा पूर्ण गुण यायला चार ते सहा आठवडे किंवा त्याहून थोडे अधिक लागतात. बरे वाटू लागले म्हणून ती अचानक बंद करू नयेत.

आता दुभाष्याविषयी. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार आणि नंतरच्या आरोग्य कायद्यातील कलम १५५७ नुसार, केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांनी आणि दवाखान्यांनी इंग्रजी कमी येणाऱ्या रुग्णाला विनामूल्य दुभाषा द्यायचा असतो. मराठी दुभाषा प्रत्यक्ष हजर नसला तरी तो फोनवर किंवा व्हिडिओवर मिळू शकतो. वेळ ठरवतानाच तो मागावा आणि "मराठी" असेच सांगावे, कारण तसे सांगितले नाही तर हिंदी दुभाषा बसवला जातो आणि आजी तिच्या मनाजोगे बोलू शकत नाही. आजीच्या नातवाला दुभाषा करू नये. जिवावरचा प्रसंग सोडला, तर अल्पवयीन मुलांना हे काम देण्यास नियमही मनाई करतात, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या कानावर ते वाक्य पडणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे. दुभाष्याला आधीच सांगावे की वाक्य शब्दशः भाषांतरित करा, वाटल्यास नंतर अर्थ समजावा. "जगण्यात राम उरला नाही" हे वाक्य तज्ज्ञाच्या कानावर पूर्ण पडले पाहिजे.

घरातील माणसांनी पहिली काही मिनिटे बरोबर बसावे, आपल्याला काय दिसले ते सांगावे आणि नंतर बाहेर जावे. रुग्णाला तज्ज्ञाबरोबर एकटे बोलू देणे हीच त्याला दिलेली मोठी मदत असते. घरात मारहाण, पैशांची कोंडी किंवा पासपोर्ट काढून घेण्यासारखे प्रकार घडत असतील, तर पतीबरोबर एकत्र समुपदेशनाला जाण्याआधी स्वतंत्र सल्ला घ्यावा, कारण एकत्र सत्रात सांगितलेल्या गोष्टीची किंमत घरी परतल्यावर मोजावी लागू शकते. यासाठी न्यू जर्सीत १९८५ साली सुरू झालेली 'मानवी', न्यूयॉर्कमध्ये 'सखी', शिकागोत 'अपना घर', कॅलिफोर्नियात 'मैत्री' आणि ह्यूस्टनमध्ये 'दया' या दक्षिण आशियाई संस्था काम करीत आहेत.

चार-पाच भेटींनंतर स्वतःलाच विचारावे की मी काही गोष्टी मुद्दाम टाळतो आहे का, आणि का. टाळण्याचे कारण तज्ज्ञाशी संबंधित असेल, तर ते त्याला सांगावे. चांगला तज्ज्ञ यावर रुसत नाही. तो पद्धत बदलतो किंवा दुसरे नाव सुचवतो. आपल्याला गुरुजनांना "जमत नाही" असे सांगायची सवय नसते, म्हणून पुष्कळजण न सांगताच जाणे बंद करतात आणि "आपल्याला थेरपी लागू पडत नाही" असा निष्कर्ष काढतात. मला ही गोष्ट फार लागते, कारण एका माणसाशी जुळले नाही म्हणून उपचाराचीच वाट बंद होते.

तातडीच्या वेळी

कोणी मरणाची भाषा करीत असेल, तर सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलणाऱ्याचा भार हलका होतो. १६ जुलै २०२२ पासून अमेरिकेत आत्महत्येचे विचार आणि मानसिक संकट यांसाठी ९८८ हा मदतीचा क्रमांक सुरू आहे. तो चोवीस तास विनामूल्य आहे आणि फोनवर दुभाषा मागता येतो, मात्र संदेश पाठवून बोलायचे असेल तर इंग्रजी किंवा स्पॅनिशच वापरावी लागते. जीव तात्काळ धोक्यात असेल तर ९११ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन करावा. ही मानसिक आरोग्याची आणीबाणी आहे असे सुरुवातीलाच सांगावे आणि अशा प्रसंगांचे प्रशिक्षण घेतलेला अधिकारी पाठवण्याची विनंती करावी. घरातील जादा गोळ्या त्याच दिवशी कुलपात ठेवाव्यात.

राज्य बदलताना किंवा भारतात परत जाताना तज्ज्ञाकडून उपचारांचा लेखी गोषवारा घ्यावा, त्यात औषधांची मूळ नावे आणि मात्रा नमूद करून घ्याव्यात. नव्या ठिकाणची पहिली वेळ आधीच ठरवावी आणि ती मिळेपर्यंत पुरेल इतके औषध हाताशी ठेवावे, कारण नव्या मनोविकारतज्ज्ञाची वेळ मिळायला काही आठवडे, कधीकधी महिनेही लागतात.